जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर : बिघाड, दुरुस्ती आणि त्यामागचं विज्ञान



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तरी सहावी ते आठवीच्या अभ्यासातले चार विषय त्यात एकाच जागी भेटतात : हवेचा दाब, तरंगणाऱ्या वस्तू, धातूवर आम्लाचा परिणाम आणि गणितातलं वर्तुळाचं क्षेत्रफळ. ही जागा म्हणजे जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर. मुठीत मावेल एवढा हा भाग खराब झाला की गाडी उठत नाही. मग दोन रस्ते असतात. एक, "टाका नवीन." दुसरा, "आधी खोलून बघू, नेमकं काय गेलंय." आज आपण दुसऱ्या रस्त्याने जाऊ.

१. आपल्याकडच्या जुन्या गाड्या

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांच्या पाटीवर एमएच ३७ ऐवजी अकोल्याचा एमएच ३० दिसतो. पाटीवरूनच गाडीचं वय कळतं.

या जुन्या गाड्यांमधली खेड्यात सगळ्यांच्या ओळखीची गाडी म्हणजे राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकात पोलंडच्या 'एसएचएल एम ११' या मोटारसायकलवरून ती भारतात आणली. इंजिन १७५ सीसी वर्गातलं, दोन स्ट्रोकचं. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन बांधून कच्च्या रस्त्याने जाणारी राजदूत तुमच्या आजोबांना नक्की आठवत असेल. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात दिसलेली छोटी राजदूत जीटीएस तर 'बॉबी' याच नावाने ओळखली गेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकात जावा आणि १९७३ पासून येझदी बनवली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. शिवाय बुलेट आहे, आणि १९८५ ची आरएक्स १०० आहे.

यांतल्या बऱ्याच गाड्यांचे मूळ सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. म्हणून दुरुस्तीची विद्या इथे लागते. आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशा गाडीचा मूळ भाग दुरुस्त करून वापरण्याला वेगळीच किंमत असते.

२. कार्बोरेटर काम कसं करतो?

पेट्रोल नुसतं ओतलं तर इंजिन चालत नाही. त्याचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळावं लागतं. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे माप सांभाळणारा भाग म्हणजे कार्बोरेटर.

आधी एक प्रयोग करा. ग्लासात पाणी घ्या. त्यात एक स्ट्रॉ उभी धरा, तिचं वरचं टोक पाण्याच्या थोडं वर राहू द्या. दुसरी स्ट्रॉ आडवी धरून त्या टोकावरून जोरात फुंका. पाणी उभ्या स्ट्रॉमधून वर चढतं आणि तुषार उडतात! डास मारायचा जुना फ्लिट पंप असाच चालायचा.

कार्बोरेटरच्या आतली हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये वेग आणि दाबाचं हे नातं मांडलं. अरुंद नळीचा अभ्यास करणारे इटलीचे व्हेंचुरी, म्हणून त्या गळ्याला आजही 'व्हेंचुरी' म्हणतात. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. हा दाब पेट्रोलला बारीक छिद्रातून वर ढकलतो. म्हणजे इंजिन पेट्रोल 'ओढतं' असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात बाहेरची हवा ते ढकलत असते.

३. मुख्य भाग ओळखूया

- वाटी (फ्लोट चेंबर) : इथे थोडं पेट्रोल साठतं.
- फ्लोट आणि त्याची सुई : घरावरच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखं काम. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते.
- पायलट जेट : गाडी स्लोवर उभी असताना पेट्रोल देणारं अगदी बारीक छिद्र.
- स्लाइड : मूठ फिरवली की वर सरकणारा गोल भाग. हवेची वाट हाच उघडतो.
- नीडल : स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. मधल्या रेसला पेट्रोल किती जायचं ते ही ठरवते.
- मेन जेट : पूर्ण रेसला पेट्रोल मोजून देणारं पितळी छिद्र.
- एअर स्क्रू, चोक आणि पॅकिंग.

४. बिघाड कुठे आहे ते आधी ओळखा

गाडी उठली नाही की लगेच कार्बोरेटर खोलू नये. आधी प्लगला ठिणगी येते का, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं आहे का, पेट्रोल कॉकची जाळी आणि एअर फिल्टर साफ आहे का, हे बघायचं. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टर फाटका असेल तर ती थेट आत जाते.

हे सगळं ठीक असेल, तर लक्षणांवरून भाग शोधायचा.

- गाडी उभी असताना पेट्रोल टपकतं : फ्लोट, त्याची सुई, किंवा सुईच्या बैठकीत अडकलेला कचरा.
- गाडी सुरू होते पण स्लो धरत नाही : पायलट जेट चोंदला, किंवा जोडातून जास्तीची हवा शिरते.
- अर्ध्या रेसला अडखळते : नीडल किंवा ती ज्यात बसते तो जेट झिजला.
- पूर्ण रेसला ओढत नाही : मेन जेट, किंवा पेट्रोलचा पुरवठा कमी.
- प्लग काळा, काजळी धरलेला : पेट्रोल जास्त. प्लग पांढराफटक : हवा जास्त.

शेवटचं लक्षण हसण्यावारी नेऊ नका. दोन स्ट्रोकच्या गाडीत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, १ लिटरला साधारण ४० मिली. म्हणजे पेट्रोल कमी पोहोचलं की ऑइलही कमी पोहोचतं. इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतो. भर रस्त्यात मागचं चाक अचानक जाम होऊ शकतं. कार्बोरेटरच्या बारीकशा बिघाडाची किंमत अशी असते.

५. खराब भागांची दुरुस्ती

(अ) चोंदलेला जेट. गाडी बरेच महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. जेट काढून क्लिनरमध्ये भिजवायचा आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची. हवा मारण्याआधी फ्लोट काढून ठेवायचा, नाहीतर जोराच्या हवेने पोकळ फ्लोट चेपतो.

इथे मोह होतो तो तारेचा. "घाल तार, होते मोकळं." पण जेट पितळेचा, तार पोलादाची. पितळ मऊ असल्यामुळे छिद्र मोठं होतं. थोडंसं मोठं झालं तर काय बिघडतं? चला, गणित करू.

छिद्राचा व्यास १.०० मिमी होता, तो १.१० मिमी झाला. डोळ्याला फरक दिसणारही नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.
१.१० × १.१० = १.२१
म्हणजे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. साधारण तेवढंच पेट्रोल जास्त जाणार. हवा तेवढीच राहिली, तर १४.७ ला १ हे प्रमाण १२.१ ला १ वर येतं. एव्हरेज घसरतं, धूर वाढतो, प्लग काळा पडतो. मिमीच्या दहाव्या भागाची ही करामत! असा मोठा झालेला जेट दुरुस्त करत बसू नये, त्याच नंबरचा नवा बसवावा.

(आ) भोक पडलेला पितळी फ्लोट. जुन्या काही कार्बोरेटरमध्ये फ्लोट पितळी पत्र्याचे दोन भाग जोडून केलेला असतो. भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होतो, वर येत नाही. सुई बंद होत नाही आणि पेट्रोल वाहत राहतं.

भोक शोधायची युक्ती साधी आहे. शेगडीपासून लांब, मोकळ्या जागी फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि भोकातून बुडबुडे येतात. तिथे खूण करायची. मग आतलं पेट्रोल पूर्ण काढून फ्लोट काही दिवस उघड्यावर वाळवायचा. आत पेट्रोलची वाफ असताना डाख द्यायला गेलं तर फ्लोट फुटू शकतो. त्यामुळे वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. डाखही उघड्या ज्योतीने द्यायचा नाही, विजेच्या सोल्डरिंग आयर्ननेच द्यायचा. हे काम जाणत्या माणसाचंच आहे.

डाख किती द्यायचा? जेवढा कमी तेवढा चांगला. १ ग्रॅम डाख जास्त बसला तर फ्लोट १ ग्रॅमने जड झाला. तरंगायला त्याला आता १ ग्रॅम जास्तीचं पेट्रोल बाजूला सारावं लागेल. पेट्रोलची घनता सुमारे ०.७४, म्हणून १ ÷ ०.७४ = साधारण १.३५ मिली. म्हणजे फ्लोट तेवढा जास्त बुडणार, आणि वाटीतली पातळी वर गेल्यावरच सुई बंद होणार. आर्किमिडीजचं तत्त्व इथे वाटीत दिसतं. हातकाट्यावर हा फरक कळणार नाही. सराफाच्या काट्यावर डाखाआधी आणि नंतर वजन करून बघता येतं. नंतर जास्तीचा डाख कानशीने उतरवायचा.

(इ) वाकलेला फ्लँज. कार्बोरेटर इंजिनला जिथे बसतो ती सपाट बाजू म्हणजे फ्लँज. गळती थांबावी म्हणून लोक दोन्ही नट पाना लावून आवळत जातात. मग दोन्ही कान इंजिनाकडे ओढले जातात, फ्लँजला बाक येतो, आणि जी गळती थांबवायची होती तीच वाढते.

तपासायला फ्लँजवर सरळ पट्टी उभी धरून पलीकडे उजेड दिसतो का ते बघायचं. दुरुस्तीसाठी जाड सपाट काच घ्यायची, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, थोडं तेल सोडायचं आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हलक्या हाताने फिरवायचा. एकाच दिशेने घासलं तर एक बाजू जास्त झिजते. सगळीकडे सारखी चमक आली की थांबायचं. नवं पॅकिंग कापून बसवायचं आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे.

गाडी सुरू झाल्यावर जोडाभोवती ब्रशने साबणाचं पाणी लावायचं. पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर हवा अजून शिरते आहे असं समजायचं.

(ई) आटे गेलेलं भोक. स्क्रू वेडावाकडा घालून जोर लावला की मऊ धातूतले आटे जातात. मग कोणी दोरा गुंडाळतो, कोणी जाड स्क्रू ठोकतो. योग्य उपाय असा : भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात तारेच्या स्प्रिंगसारखी आट्यांची गुंडाळी बसवायची, किंवा लेथवर पितळी बूश करून त्यात मूळ मापाचे आटे पाडायचे. दुसरं काम कुठल्याही तालुक्याच्या गावातला चांगला लेथवाला करू शकतो. मात्र मूळ स्क्रू नमुन्याला सोबत न्यायचा, कारण जुन्या परदेशी बनावटीच्या आट्यांचं माप वेगळं असू शकतं.

(उ) झिजलेली स्लाइड. वर्षानुवर्षं वर-खाली सरकून स्लाइड आणि तिची नळी दोन्ही झिजतात. हाताने हलवली तर खडखड वाजते. त्या फटीतून हवा शिरते आणि स्लो कधीच एका जागी राहत नाही. यावर नळी लेथवर एकसारखी करून जाड स्लाइड बसवतात, किंवा स्लाइडवर प्लेटिंगचा थर चढवतात. हे काम अचूक मापाचं आणि खर्चाचं आहे. दुर्मिळ गाडी असेल तरच परवडतं.

(ऊ) तुटलेला कान. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. बऱ्याच जुन्या कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. हा मिश्रधातू ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतो, शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशाला. दिसायला दोन्ही सारखेच. ॲल्युमिनियम समजून वेल्डिंगची ज्योत लावली, तर कान जोडला जाण्याआधी बॉडीच ढासळते. म्हणून वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी धातू कोणता ते विचारा.

याच कारणाने जस्ताची बॉडी आंबट पदार्थात भिजवू नये. घरी आपण तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करतो, मग कार्बोरेटर का नको? कारण जस्त आम्लात विरघळतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. हा प्रयोग तुम्ही शाळेत केलेलाच आहे. पावसाळ्यानंतर वाटीत दिसणारी पांढरी भुकटीही जस्ताच्या गंजण्यातूनच येते. ती मऊ ब्रशने काढायची.

६. काय जपायचं, काय बदलायचं?

दुरुस्ती म्हणजे प्रत्येक जुना भाग ठेवणं नव्हे. बॉडी, वाटी, स्लाइड, पितळी फ्लोट हे शक्य तोवर जपावेत. पण जेट, फ्लोटची सुई, पॅकिंग, रबरी रिंगा आणि पेट्रोलची नळी खराब झाली की बदलावीच. सुईच्या टोकाला खाच पडली असेल तर ती घासून बसवू नये. शंभर रुपये वाचवायला जाऊन तापलेल्या इंजिनावर पेट्रोल टपकत ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं.

आता यात एक नवं कारण जोडलं गेलं आहे. सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि जुन्या प्रकारचं रबर त्यामुळे फुगतं किंवा चिरतं. म्हणून जुनी गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवावी. पाच मिनिटांचं काम आहे, पण वरचे निम्मे बिघाड यानेच टळतात.

७. जोडणी आणि सेटिंग

सगळे भाग ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने जोडायचे. भाग काढताना कापडावर ओळीने मांडले किंवा मोबाइलवर फोटो काढले तर गोंधळ होत नाही. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग साधारण दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. इंजिन गरम झाल्यावर तो थोडा थोडा फिरवून आवाज एकसारखा करायचा. काही किलोमीटर गाडी चालवून प्लग काढून बघायचा. फिका तपकिरी, बिस्किटासारखा रंग आला की माप जमलं.

८. शिक्षकांसाठी दोन शब्द

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना आहे. स्थानिक कारागिरांकडून मुलांनी शिकावं, हा त्यातला हेतू. आपल्या गावातल्या मिस्त्रींना त्यातल्या एका दिवशी पाहुणे म्हणून बोलवा. निकामी, पूर्ण कोरडा कार्बोरेटर आणायला सांगा. वर्गात पेट्रोल नको, पाण्यावर सगळं दाखवता येतं. मुलांनी बघायचं, विचारायचं, मोजायचं. गॅरेजमध्ये राबायला मुलं लावणं हा वेगळा विषय आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्यानेच बंदी आहे.

हे लिहिण्याचं खरं कारण इथेच आहे. "अभ्यास नाही केला तर गॅरेजात पाने घासत बसशील," हे वाक्य आपण पालकांकडून ऐकतो आणि शाळेतही ऐकतो. वर्गात ज्याचे वडील गॅरेज चालवतात, तो मुलगाही हे वाक्य ऐकत असतो. त्याच्या वडिलांनी आवाजावरून झिजलेली नीडल ओळखली, डाख जास्त झाला म्हणून कानशीने उतरवला, जेटमध्ये तार घालू दिली नाही. या प्रत्येक गोष्टीला पुस्तकात एक नाव आहे, ते त्यांना कोणी सांगितलं नाही, इतकंच. ते नाव सांगणं आपलं काम. आणि ज्या मुलांना नाव पाठ आहे त्यांना ते हाताने करून दाखवणं मिस्त्रींचं काम.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे माप सेन्सर आणि संगणक ठरवतात. पण हवा किती, पेट्रोल किती, हा प्रश्न तोच आहे. ज्याला कार्बोरेटर कळला, त्याला इंजेक्शन समजायला अवघड जाणार नाही.

स्वाध्याय

१. जेटचा व्यास ०.८० मिमीवरून ०.८८ मिमी झाला. क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढलं?
२. फ्लोटवर २ ग्रॅम डाख जास्त बसला. तो किती मिली जास्त पेट्रोलमध्ये बुडेल? (घनता ०.७४)
३. दोन स्ट्रोकच्या गाडीत हवा जास्त झाली तर पिस्टन का चिकटतो? कारण लिहा.
४. तांब्याचं भांडं चिंचेने घासता येतं, जस्ताची बॉडी का नाही?
५. उपक्रम : तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या चालू मोटारसायकलची माहिती मिळवा. कंपनी, साल, पाटीवरचा जिल्ह्याचा क्रमांक, आणि तिचा कोणता भाग दुरुस्त करून वापरला आहे, हे वहीत लिहा. मालकांना विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नका.

उत्तरं काढून वर्गात एकमेकांना समजावून सांगा.